दादर-माटुंग्याची झाडी आणि आपण

(वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा लिखित पाठ. बोलण्याची भाषा बऱ्याच ठिकाणी तशीच ठेवली आहे.)



दरवर्षी या दिवशी आपण बाहेरचा वक्ता बोलावतो. त्यांना शाल देतो, श्रीफळाऐवजी पुस्तक देतो, आणि ते आपल्याला चांगलं दोन तास ऐकवतात. यंदा समितीने आम्हाला सांगितलं, तुम्हीच बोला आणि आपल्या परिसरावरच बोला. आम्ही काही इतिहासाचे प्राध्यापक नव्हे. नायगावच्या बीडीडी चाळीत जन्मलो, इथेच वाढलो, नोकरी संपवून आता इथेच बसलो आहोत. जे वाचलं, जे वडीलधाऱ्यांकडून ऐकलं आणि जे चालत फिरताना पाहिलं, तेवढंच सांगणार आहोत.

विषय आहे आपल्या शेजारची झाडी. हसू नका. उन्हाळ्यात दुपारी एक वाजता आपल्या चाळीतून निघा आणि पारसी कॉलनीच्या दिशेने चालायला लागा. दहा-पंधरा मिनिटांत एक जागा अशी येते की डोक्यावरचं ऊन कुणीतरी काढून घेतल्यासारखं होतं. रस्ता तोच, महापालिका तीच, समुद्राचा वाराही तोच. पण वर फांद्यांचं छप्पर लागतं. पुढे पाच बागा, म्हणजे आपले फाइव्ह गार्डन्स. आंबेडकर रोड ओलांडून पश्चिमेला गेलं की हिंदू कॉलनीच्या गल्ल्या. तिथून उत्तरेला माटुंगा, किंग्ज सर्कल. दोन-तीन मजल्यांच्या जुन्या इमारती, गोलसर गॅलऱ्या, पुढे मोकळी जागा, आणि फुटपाथवर ओळीने झाडं. लहानपणी आम्हाला वाटायचं, इथे मुळात जंगल असणार आणि श्रीमंत लोक सावली बघून तिथे राहायला गेले असणार. गोष्ट अगदी उलटी आहे.

सव्वाशे वर्षांपूर्वी तिथे भातशेती होती, माड होते, वडाळा-शीवकडे मिठागरं होती, आणि पावसाळ्यात पाणी साचणारी सखल जमीन होती. शहराच्या दृष्टीने तो भाग म्हणजे गावकुसाबाहेर. त्यामुळे शहराला जे नजरेसमोर नको होतं ते तिकडे पाठवलं जाई. १८९० साली बेघर कुष्ठरोग्यांसाठी जे आश्रयस्थान काढलं ते तिकडेच. वडाळ्याचं ॲकवर्थ रुग्णालय ते हेच. आज ज्या भागाच्या घरांचे भाव ऐकून आपल्याला घाम फुटतो, त्या भागाची सुरुवात ही अशी आहे.

मग प्लेग आला. १८९६ साली मांडवी भागात डॉक्टर व्हिएगस यांनी पहिले रोगी ओळखले आणि पुढच्या काही महिन्यांत मुंबई अर्धी रिकामी झाली. गिरणी कामगार गावाकडे पळाले. सरकारला जाग आली ती गरिबांची दया येऊन नव्हे. बंदर थांबलं, गिरण्या थांबल्या, म्हणून जाग आली. १८९८ साली कायदा करून मुंबई शहर सुधारणा ट्रस्ट स्थापन झाला. त्यालाच इंग्रजीत सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट म्हणत. आपल्या बोलण्यातलं 'बीआयटी' ते हेच.

आता इथे एक गंमत आहे. त्या वेळच्या साहेबांची समजूत अशी की प्लेग अंधारातून, दमट घरांतून आणि कोंडलेल्या हवेतून येतो. उंदरांच्या अंगावरच्या पिसवांमुळे तो पसरतो, हे शास्त्रज्ञ १८९८ पासून सांगू लागले होते, पण ते सर्वमान्य व्हायला आणखी बरीच वर्षं गेली. तोवर ट्रस्टने दाट वस्त्या पाडल्या, समुद्राचा वारा आत यावा म्हणून रुंद रस्ते काढले. सँडहर्स्ट रोड, प्रिन्सेस स्ट्रीट हे त्यातलेच. आणि शहराच्या उत्तरेला एक नवीन, मोकळी, हवेशीर वस्ती आखली. दादर, माटुंगा, वडाळा, शीव. सरकारकडून सुमारे ४४० एकर जमीन घेऊन शेतं संपादन केली, भराव घातला, गटारं टाकली, मगच प्लॉट पाडले. मुंबईचं पहिलं आखीव उपनगर ते हे. आजच्या पोराला दादर उपनगर आहे असं सांगितलं तर तो आपल्याकडे बघत बसेल, पण तेव्हा बोरीबंदरच्या माणसाला दादर म्हणजे लांबचाच प्रवास होता. पुढे ट्रामची गाडी इथे येऊन थांबायची. दादर टी. टी. मधलं 'टी. टी.' म्हणजे ट्रॅम टर्मिनस. १९६४ साली मुंबईची ट्राम बंद झाली. नाव मात्र राहिलं, आणि बसचे कंडक्टर अजून तेच ओरडतात.

म्हणजे बघा, रोगाचं कारण अर्धवट समजलेलं, पण त्यातून रस्ते रुंद झाले आणि झाडं लागली. चुकीच्या निदानावर मिळालेलं औषध कुणाकुणाला लागू पडलं, हा मात्र पुढचा प्रश्न आहे. आज आम्हाला मुख्यतः त्यावरच बोलायचं आहे.

कारण त्याच ट्रस्टने दुसरंही एक बांधकाम केलं. बीआयटी चाळी. आग्रीपाडा, नागपाडा, परळ. एका कुटुंबाला एक खोली, समोर सामायिक गॅलरी, टोकाला सामायिक नळ आणि संडास. वस्त्या पाडून जितके लोक बेघर केले, त्या मानाने बांधलेल्या खोल्या फार थोड्या, ही टीका त्याच काळात झाली होती. आणि चाळींच्या पुढे ओळीने झाडं लावायचं कुणाच्या नकाशात नव्हतं. एकाच कचेरीतून दोन नकाशे निघाले. एकात कारकून, वकील, डॉक्टर, इंजिनियर यांच्यासाठी स्वतंत्र ब्लॉक, संडास-न्हाणी घरात, दारासमोर झाड. दुसऱ्यात खोली.

आपल्या बीडीडी चाळी त्यानंतरच्या. १९२० च्या दशकात बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने बांधलेल्या. वरळी १२१, नायगाव ४२, ना. म. जोशी मार्ग ३२, शिवडी १२, एकूण २०७. तळमजला अधिक तीन, चाळीत ऐंशी खोल्या, खोली १६० चौरस फुटांची. हे आकडे तुम्हाला पाठ आहेत, कारण पुनर्विकासाच्या प्रत्येक सभेत ते ऐकून ऐकून कान किटले आहेत. पुढे जाऊ.

झाडं कुणी लावली? पारसी कॉलनीपुरतं उत्तर द्यायचं तर एक नाव घ्यावंच लागतं, मंचरजी एदलजी जोशी. ट्रस्टमधले इंजिनियर. आपल्या समाजातल्या मध्यमवर्गीय माणसाला परवडेल असं घर मिळावं म्हणून त्यांनी ट्रस्टकडून १०३ प्लॉट मिळवले. आणि नुसते प्लॉट मिळवून गप्प बसले नाहीत. कुठल्या रस्त्यावर कुठलं झाड, हे ठरवून रस्त्यागणिक वेगळी जात लावली. इमारती ठरावीक मजल्यांच्या वर जाऊ दिल्या नाहीत. शाळा, अग्यारी, जिमखाना, वाचनालय यांची सोय पाहिली. मुंबईतल्या इतर पारशी बागांना कुंपण आणि फाटक असतं, या कॉलनीला भिंत नाही. त्यामुळे तुम्ही-आम्ही कुणालाही न विचारता तिथून चालत जाऊ शकतो. माणूस सरकारी नोकर होता, पण आपल्या लोकांसाठी चिकाटीने काय करता येतं त्याचा नमुना घालून गेला. आपल्यातल्या जे सरकारी नोकरीत वर चढले आणि वस्तीकडे पाठ फिरवून बसले, त्यांनी त्या बागेत उभा असलेला त्यांचा पुतळा एकदा बघून यावा. एवढंच म्हणतो, जास्त बोलत नाही.

माटुंग्याला दक्षिणेकडची मंडळी आली. रेल्वेत आणि व्यापारी कंपन्यांत टायपिस्ट-स्टेनो म्हणून आलेले लोक. त्यांनी १९३२ साली शिक्षण संस्था काढली, देवळं बांधली, फुलबाजार भरवला, आणि केळीच्या पानावरची इडली मुंबईला खायला शिकवली. १९२३ च्या सुमारास व्हीजेटीआय भायखळ्याहून माटुंग्याला आलं. १९३७ ला रुईया आणि खालसा ही कॉलेजं निघाली. सावली आणि शिक्षण दोन्ही एकाच ठिकाणी आलं. ज्याच्या दारात झाड त्याच्याच दारात कॉलेज.

आता झाडांबद्दल दोन शब्द. हे जे मोठे पसरलेले वृक्ष आहेत, संध्याकाळी पानं मिटणारे, त्यांना पर्जन्यवृक्ष म्हणतात, कुणी विलायती शिरीष म्हणतात. ते मूळचे अमेरिका खंडातले. महोगनी तिकडचीच. गुलमोहर मादागास्करचा. पिवळा सोनमोहरही बाहेरचा. म्हणजे या कॉलनीतली निम्मी झाडं परगावची आहेत. पण शंभर वर्षांत त्यांना कुणी विचारलं नाही, की बाबांनो, तुम्ही मूळचे कुठले आणि तुमची जात काय.

माणसांना विचारलं गेलं.

त्या जुन्या इमारतींच्या मागच्या बाजूला कधी गेलात? काही ठिकाणी अजून लोखंडी गोल जिना दिसतो. गंजलेला, वर वर जाणारा, प्रत्येक मजल्याच्या संडासाशी थांबणारा. घरातच संडास आला, ही त्या काळची मोठी सुधारणा. पण तो धुवायला येणारा माणूस घरातून यायला नको होता. म्हणून त्याच्यासाठी मागचा जिना. आमची एक आत्या लग्नाआधी दोन-तीन इमारतींत हेच काम करायला जायची. म्हातारपणी आम्ही तिला विचारलं, आत्या, तेव्हा ती कॉलनी कशी होती गं? आम्हाला वाटलं झाडांचं सांगेल. ती म्हणाली, "बेचाळीस पायऱ्या. बादली घेऊन बेचाळीस." झाडं नव्हती का मग? "असतील की. मागं कुठं झाडं?"

आमच्या विषयाची ही दुसरी बाजू. पुस्तकांत या भागाला हिरवागार, शांत, सुसंस्कृत वगैरे म्हटलेलं असतं. ते खोटं नाही. पण ते पुढच्या दाराने बघून लिहिलेलं आहे.

आणि म्हणूनच राजगृहाला आपण केवळ एक स्मारक म्हणून बघू नये असं आम्हाला वाटतं. नीट विचार करा. बाबासाहेब १९१२ पासून परळला पोयबावडीजवळ बीआयटी चाळ क्रमांक १ मध्ये दुसऱ्या मजल्यावर ५० आणि ५१ नंबरच्या खोल्यांत राहत होते. कोलंबियाची पदवी, लंडनची पदवी, बॅरिस्टरी, महाडचा सत्याग्रह, गोलमेज परिषद, एवढं सगळं होईपर्यंत पत्ता तोच. आलेल्या-गेलेल्याचा राबता, मुलांचा आवाज, आणि पुस्तकं ठेवायला जागा नाही. १९३० साली त्यांनी हिंदू कॉलनीत दोन प्लॉट घेतले, ९९ आणि १२९ नंबरचे. कर्ज काढून बांधकाम केलं. एका घराचं नाव चार मिनार, दुसऱ्याचं राजगृह, मगधाच्या राजधानीवरून. धर्मांतराच्या कितीतरी आधी त्या माणसाने घराला नाव कुठलं दिलं ते पाहा. १९३३-३४ च्या सुमारास कुटुंब तिथे राहायला गेलं. खालच्या मजल्यावर घर आणि वर ग्रंथालय. सुमारे पन्नास हजार ग्रंथ. ग्रंथांसाठी आणि देण्यांपायी १९४१ साली चार मिनार विकून टाकलं. पुढे पुष्कळ ग्रंथ सिद्धार्थ कॉलेजला गेले.

परळच्या त्या चाळीपासून राजगृहापर्यंत अंतर किती? सरळ रस्त्याने दोन-अडीच किलोमीटर. आम्ही चालून पाहिलंय, तीस-पस्तीस मिनिटं लागतात. ज्या ट्रस्टने ती खोली बांधली त्याच ट्रस्टने हा प्लॉट आखला. त्या दोन नकाशांमधलं अंतर आपल्या माणसाने पार केलं आणि पुढच्या दाराने आत गेला. ज्या रस्त्याने हे अंतर चालायचं त्याला तेव्हा कुठे व्हिन्सेंट रोड म्हणत, कुठे किंग्जवे. आज त्याला डॉ. बाबासाहेब आंबेडकर रोड म्हणतात.

कॉलनीचं नाव हिंदू कॉलनी. आणि तिथे राहणाऱ्या या गृहस्थाने १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्याला जाहीर केलं, की हिंदू म्हणून मरणार नाही. त्यानंतर शेजाऱ्यांच्या गच्चीत संध्याकाळी काय बोलणं झालं असेल, ही कल्पना करून आम्हाला अजून मजा वाटते. पण त्याच वर्षी २७ मे ला माता रमाई त्याच घरात गेल्या. चाळीतले हाल ज्यांनी सोसले त्यांच्या वाट्याला ती सावली फार थोडी आली. वर्ष-दोन वर्ष. ही गोष्ट आठवली की राजगृहाच्या पायरीवर आमचा पाय जड होतो.

६ डिसेंबर १९५६ ला दिल्लीत बाबासाहेबांचं महापरिनिर्वाण झालं आणि रात्री पार्थिव मुंबईला आणलं. राजगृहासमोर रात्रीपासून माणूस जमला. ७ तारखेला तिथूनच अंत्ययात्रा निघाली. आमचे आजोबा स्प्रिंग मिलमधून तसेच निघाले आणि पोरीला हाताला धरून तिकडे गेले. ती पोर म्हणजे वर सांगितली ती आत्या. ती सांगायची, "कॉलनीत मी तोवर मागनंच जायची. त्या रातीला पहिल्यांदा पुढच्या रस्त्यानं गेले. गर्दी एवढी की लोक झाडांवर चढून बसले होते." तिला झाडं दिसली ती त्या रात्री.

अजूनही दर ६ डिसेंबरला चैत्यभूमीचं दर्शन घेऊन गावोगावचे लोक राजगृहाकडे चालत येतात. विदर्भातली, मराठवाड्यातली म्हातारी माणसं हिंदू कॉलनीच्या झाडाखाली चपला काढून, फडकं पसरून भाकरी सोडून बसतात. काही इमारतींची फाटकं त्या दिवशी लवकर बंद होतात, हे आम्ही पाहिलंय. आणि काही इमारतींतून पाण्याचे पिंप बाहेर येतात, हेही पाहिलंय. दोन्ही सांगितलं पाहिजे. ७ जुलै २०२० च्या संध्याकाळी राजगृहावर दगडफेक झाली, त्यात काचा आणि कॅमेऱ्याबरोबर अंगणातल्या कुंड्याही फोडल्या. त्या रात्री आपल्या पोरांचं रक्त तापलं होतं, तरी त्यांनी शांतता पाळली. त्याबद्दल त्यांना आज इथे जाहीर शाबासकी.

या झाडीशी आपलं आणखी एक नातं आहे, ते म्हणजे अभ्यासाचं. १६० फुटांत आठ माणसं, त्यात रेडिओ, त्यात कुणाची तरी खोकल्याची उबळ. परीक्षा आली की पोरं पुस्तक घेऊन फाइव्ह गार्डन्सला. म्युनिसिपालिटीच्या दिव्याखाली रात्री अकरा-बारापर्यंत. आम्ही मॅट्रिक तिथेच झालो. तिथून जवळच वडाळ्याला सिद्धार्थ विहार वसतिगृह. गावाकडून आलेली हुशार, तापट पोरं तिथे राहायची. १९७२ साली दलित पँथर उभी राहिली त्या वेळच्या कितीतरी चर्चा तिथल्या खोल्यांत आणि या बागांच्या बाकांवर झाल्या. आम्ही तेव्हा लहान होतो. शेजारच्या बाकावर बसून भूगोल पाठ करत होतो आणि कान तिकडे होते. म्हणून भूगोलात मार्क कमी.

आता आजचं बघू. ती झाडी आता म्हातारी झाली आहे. गेल्या दहा-पंधरा वर्षांत मुंबईतले पर्जन्यवृक्ष मोठ्या संख्येने वाळले. पांढरी पिठासारखी कीड, मिलीबग, फांद्यांवर चढते आणि हळूहळू झाड मरतं. त्यातच बुंध्याला भिडून काँक्रीट आणि पेव्हर ब्लॉक. मुळाला पाणी नाही, हवा नाही. जुन्या तीन मजली इमारती पडतात आणि उंच मनोरे येतात, मग गाडी आत घ्यायला फाटकासमोरचं झाड आडवं येतं.

आणि इकडे आपल्या चाळींचा पुनर्विकास. २०१७ साली बीडीडी प्रकल्पाचं भूमिपूजन झालं, काम टप्प्याटप्प्याने चाललं आहे. १६० फुटांतून ५०० फुटांत. आमच्यासारख्याला शेवटी का होईना स्वतःचा संडास मिळणार, त्याला पुढूनच जाता येणार. आनंद आहे, पूर्ण आनंद आहे. पण सभांमध्ये आम्ही एक पाहतो. कार्पेट किती, पार्किंग किती, लिफ्ट किती, मेंटेनन्स कोण भरणार, यावर तास जातात. झाडाचा विषय एका बाईंनी काढला तर मागून कुणीतरी म्हणालं, "ताई, झाडं बघायला पारसी कॉलनी आहे की जवळ." सगळे हसले. आम्हीही हसलो. घरी आल्यावर मात्र ते हसू बोचलं. शंभर वर्षांपूर्वी साहेबाच्या कचेरीत हेच ठरलं होतं ना? त्यांना झाड, यांना खोली. तेव्हा आपल्याला कुणी विचारलं नव्हतं. या वेळी निदान तोंड उघडायला सभा तरी आहे.

आपल्या चाळींत झाडं कमी आहेत पण नाहीतच असं नाही. विहारामागचा पिंपळ आहे. मैदानाच्या कडेचं बदामाचं झाड आहे, ज्याच्याखाली कॅरम चालतो. पाण्याच्या टाकीजवळ शेवगा आहे, तो कुणी लावला यावरून दोन घरांत अजून वाद आहे. कायदा काय म्हणतो तेही ऐकून ठेवा. १९७५ सालचा महाराष्ट्राचा वृक्ष संरक्षण कायदा आहे. परवानगीशिवाय झाड तोडता येत नाही. तोडायचं असेल तर झाडावर नोटीस लागते आणि नागरिकांना हरकत घेता येते. २०२१ च्या दुरुस्तीनंतर पन्नास वर्षांवरचं झाड वारसा वृक्ष धरतात. आता ही नोटीस म्हणजे खोडाला चिकटवलेला कागद. पावसात भिजतो, शेळी खाते, कुणी वाचत नाही. वाचायला शिका म्हणजे नुसती पुस्तकं वाचायला शिका असा अर्थ नाही.

म्हणून गेल्या मे महिन्यात विहाराच्या बालवर्गाला घेऊन आम्ही एक उद्योग केला. वही, पेन्सिल आणि शिंप्याची मोजपट्टी. चाळीचाळीतून फिरून प्रत्येक झाडाची नोंद. जात, जागा, बुंध्याचा घेर, आणि शेजारच्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला विचारून झाडाचं वय. पिंपळाचं वय तीन आजींनी तीन सांगितलं आणि तिघी भांडल्या. शेवटी, 'एका आजीचं लग्न झालं तेव्हा त्याची फांदी पहिल्या मजल्याला लागत होती', एवढं वहीत लिहिलं. एका चाळीच्या भिंतीतून दुसऱ्या मजल्यावर एक पिंपळाचं रोप उगवलंय. ते झाड म्हणून मोजायचं की नाही, यावर मुलांत मोठा वाद झाला. आठ वर्षांच्या एका मुलीने निकाल दिला, "त्याला जमीन नाही दिली तर तो काय करणार? मोजा."

मोजलं. वही समितीच्या कपाटात आहे, बघायला या. अजून सात चाळी राहिल्या आहेत. पाऊस उघडला की रविवारी सकाळी आठ वाजता विहारापाशी जमायचं. मोजपट्टी आम्ही आणू, पेन्सिली कुणीतरी आणा.

जयभीम.